गेटवेतून आलेली हजेरी

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. वरठीजवळच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळत होतो. विभाग म्हणजे एक खोली, दोन सर्व्हर आणि मी. कामगार गेटवरच्या मशीनवर बोट ठेवून हजेरी लावत, ती एका जुन्या डेटाबेसमध्ये साठायची. ऑफिसात नवा डेटाबेस आला होता, निराळ्याच बनावटीचा. दोघांना एकमेकांची भाषा कळत नव्हती, म्हणून मध्ये गेटवे नावाचा दुभाषी प्रोग्राम बसवायचा होता.

चार दिवस जोडणी होईना. पासवर्ड बरोबर, केबल बरोबर, दोन्ही सर्व्हर चालू. शेवटी सापडलं, गेटवेच्या सेटिंगमध्ये गेटच्या सर्व्हरचा जुना पत्ता राहून गेला होता. तो बदलला आणि त्या दिवशीची हजेरी भराभर पडद्यावर उतरली. मी खुशीत यादी वाचत खाली आलो आणि एका नावापाशी थांबलो. सकाळी सहा बावन्न, आत.

तो माणूस मागच्या वर्षी वारला होता.

भट्टीवर कामाला होता तो. त्या कामानं बोटांची कातडी इतकी राठ झाली होती की मशीनला ठसा उमगत नसे. एका संध्याकाळी, पाळी सुटल्यावर, दुसऱ्या बोटाचा ठसा नोंदवायला मीच त्याला थांबवून घेतलं. पाऊण तास गेला. सोबतीचे लोक सायकली, मोटरसायकली काढून केव्हाच निघून गेले होते. तो एकटाच कारध्याला घरी निघाला आणि भंडाऱ्याच्या अलीकडे ट्रकनं त्याला उडवलं. त्या पाऊण तासाबद्दल मला कोणी विचारलं नाही. मीही कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाव पुन्हा आलं. सहा पंचावन्न. यंत्राची काहीतरी चूक असणार हे मला कळत होतं, तरी त्या दिवशी मी खोलीचं दार उघडंच ठेवून काम केलं. जेवणाचा डबा तसाच परत नेला.

तिसऱ्या दिवशी मी साडेसहालाच गेटवर जाऊन उभा राहिलो. एकेक जण बोट ठेवून आत जात होता. ठरल्या वेळी मशीनसमोर आली ती त्याची बायको. त्याच्या जागी तिला कँटीनमध्ये घेतलं होतं, माझ्या खोलीत चहाही तीच आणायची; पण त्याचाच क्रमांक तिला दिला होता, हे मी विसरून गेलो होतो.

खोलीत आलो तर पडद्यावर त्याचंच नाव. मग शोधायला वेळ लागला नाही. हजेरीत नुसता क्रमांक असायचा, माणसाचं नाव कामगारांच्या यादीतून यायचं. गेटच्या डेटाबेसमध्ये त्या यादीची एकाच नावाची दोन टेबलं होती: चालू टेबलाचं नाव लहान इंग्रजी अक्षरांत, आणि मागच्या वर्षी कोणीतरी काढून ठेवलेल्या प्रतीचं मोठ्या अक्षरांत. मी टेबलाचं नाव अवतरणचिन्हांत घातलं नव्हतं, त्यामुळे गेटवे ते मोठ्या अक्षरांत करून विचारत होता आणि उत्तर जुन्या प्रतीतून येत होतं. तिथं त्या क्रमांकापुढे अजून तोच होता.

दुरुस्ती करणार तेवढ्यात ती चहा घेऊन आली.

"जयभीम साहेब. माह्या हजेरीत काही गडबड हाय का? सकाळी तुम्ही पाहून राहिले होते."

मी तिला जवळ बोलावून पडदा दाखवला, काय झालं ते सांगितलं. ती वाकून नाव वाचत राहिली.

"म्हणजे मी बोट ठेवलं का इकडे त्यायचं नाव येते?"

मी हो म्हणालो. आणि मग मला राहवलं नाही. त्या संध्याकाळी त्यांना मीच थांबवून ठेवलं होतं, असं मी तिला सांगून टाकलं. तिच्याकडे पाहायची हिंमत नव्हती.

"ठाऊक हाय मले," ती म्हणाली. "त्यायनं फोन केला होता, बोट लावाले थांबलो म्हणून."

म्हणजे वर्षभर हे मनात ठेवूनच ती माझ्या टेबलावर चहा ठेवत होती. तिनं कप पुढे सरकवला.

"आजच्या दिवस राहू द्या साहेब. उद्या बदलवा."

दुसऱ्या दिवशी तिनं गेटवर बोट ठेवायच्या आधीच मी अवतरणचिन्हं घातली, आणि त्या सकाळी तिचं नाव आलं. आधीच्या दोन दिवसांच्या नोंदी दुरुस्त केल्या. तिनं मागून घेतलेल्या दिवसाला मात्र हात लावला नाही.

मी तो कारखाना सोडला तेव्हाही ती कँटीनमध्येच होती. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. पण पाळी सुटल्यावर कोणाला थांबवून घ्यायची वेळ आली, की आजही मी त्याला आधी घरी जायला सांगतो, आणि तो पोचला असेल एवढा वेळ होईपर्यंत माझं लक्ष कशात लागत नाही.