ट्रेलरसाठी नेसलेली साडी

वडील गेल्यावर आईला साताऱ्याहून बहरीनला आणलं, तेव्हा मी स्वतःवर भलतीच खूश होते. उम्म अल हस्सममधला प्रशस्त फ्लॅट, लिफ्ट, एसी, खाली उतरलं की भाजी. आणखी काय हवं माणसाला? आईला माणसं हवी होती. ती दिवसभर खिडकीशी बसायची आणि हळूहळू गप्प होत गेली. मग एकदा जेवता जेवता म्हणाली, "माझं तिकीट काढ बाई. मला न्हाई करमत हितं."

तिकडे घरात आता कुणीच नव्हतं. गुडघे दुखरे, त्यात रात्रीबेरात्री पाय घसरला तर उचलणार कोण? मी चिडले, रडले, नंतर तो विषयच टाळायला लागले. तिने मात्र बॅग भरून दाराशी नेऊन ठेवली. ऑफिसला जाताना रोज त्या बॅगेला वळसा घालून जावं लागे.

त्याच सुमारास नवऱ्याला कॅम्पिंगचं खूळ लागलं. थंडी पडली की इथले लोक साखिरच्या वाळवंटात तंबू ठोकून राहतात. आमच्या इंजिनियरसाहेबांना तंबू चालणार नव्हता. पिकअपच्या पाठीवर बसवलेली खोली हवी होती, म्हणजे ट्रक कॅम्पर. "मागे काही ओढायचं नाही, रिव्हर्स घेताना कटकट नाही," हे त्याचं पालुपद. मला हवा होता ट्रेलर, आपल्याच गाडीमागे जोडून न्यायचा. "दूध संपलं तर तू अख्खं घर घेऊन दुकानात जाणार का?" हे माझं. आठवडाभर आम्हा दोघांत दुसरा विषय नव्हता; आई आपली खिडकीशी.

शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, दोन्ही बघायला निघालो. आईच्या दारातून मी म्हटलं, "चल, ट्रेलर बघायला जाऊ."

ती बाहेर आली ती मोरपंखी रेशमी साडी नेसून. वडील गेल्यापासून ती साडी घडीतच होती. तोंडाला पावडर, हातात पर्स, आणि दाराशी बॅग उघडी पडलेली. मी बघतच राहिले.

"पिक्चर मराठी हाय न्हवं?" तिने विचारलं.

आमच्या लेकीला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजी. "आजी, नॉट दॅट ट्रेलर!" म्हणत ती सोफ्यावर लोळायला लागली. आईचा चेहरा एवढासा झाला. ती आत वळणार तेवढ्यात नवरा म्हणाला, "आई, साडी बदलू नका. राहायचा असला तरी आज हाच ट्रेलर आपला पिक्चर." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या वाक्यासाठी मी त्याची जितकी ऋणी आहे तितकी दुसऱ्या कशासाठीच नाही.

आधी त्याचा लाडका ट्रक कॅम्पर बघितला. दाराला उभी शिडी, आणि आत झोपायची जागा ड्रायव्हरच्या डोक्यावर. आई साडीच्या निऱ्या धरून खाली उभी राहिली. "जावईबापू, निजायला माळ्यावर चढायचं व्हय?" नवऱ्याने शिडीकडे बघितलं, तिच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि दार लावून टाकलं. आठवडाभराचा वाद तिथेच मिटला. जिंकल्याचा आनंद मला होईना, उलट नवऱ्याचाच अभिमान वाटत होता.

ट्रेलरला एकच बुटकी पायरी होती. आई आपली आपण आत गेली. शेगडी बघितली, सगळे खण उघडून बघितले. "हितं मोहरी ऱ्हाईल," ती स्वतःशीच म्हणाली. पाण्याचा पंप तेवढा बंद होता. तो कधी दुरुस्त होईल म्हटल्यावर विकणारा हसून म्हणाला, "इंशाल्ला, टुमॉरो."

"काय म्हनला?" आईने विचारलं.

"होईल म्हणाला," नवऱ्याने समजावलं. "पण कधी, ते विचारायचं नाही."

आई खळखळून हसली. तिचं असं हसणं मी विसरूनच गेले होते.

ट्रेलर आम्ही घेतला, आणि पंप एकदाचा सुरू झाल्यावर साखिरला नेला. तिथे तो जागेवर लावताना नवऱ्याला घाम फुटला. हा डावीकडे वळवायचा, ट्रेलर उजवीकडे जायचा. शेवटी शेजारच्या तंबूतलं बहरीनी कुटुंब मदतीला धावलं. सगळे हात हलवत "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, ओरडत होते, आणि त्यांच्यात पुन्हा तीच मोरपंखी साडी नेसून, पदर खोचून माझी आईही ओरडत होती. संध्याकाळी तिने त्यांना पिठलं पाठवलं, त्यांच्याकडून खजूर आणि चहा आला. त्यांच्या आजीशेजारी खुर्ची टाकून ती बसली. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला अरबी, आणि तरी दोघींचं गुडघ्यांबद्दल सविस्तर बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी आवराआवर करताना मी धीर गोळा केला. त्या बॅगेला रोज वळसा घालण्यापेक्षा एकदाचं विचारून टाकावं.

"आई, तिकिटाचं काय करू?"

ती मोहरीची बरणी खणात नीट बसवत होती. मागे न बघताच म्हणाली, "जाईन की. इंशाल्ला."