पाणकणसांआड बसणारा मानाजी

मानाजी एग्मोर स्टेशनात रेल्वेगाड्यांची चाकं तपासायचा. लांब दांड्याचा हातोडा मारायचा, आवाज ऐकायचा, पुढच्या चाकाकडे जायचा. चौतीस वर्षं. मी तिथेच फिटर. त्याने तडा म्हटलं की तडा निघायचाच.

तंजावरकडचा मराठी माणूस. निवृत्तीनंतर आम्ही वेलचेरीत शेजारी आलो. २००६ साली त्याची बायको राजसबाई गेली, आणि त्याने जेवण टाकलं, बोलणं टाकलं. एका सकाळी आपणहून पेरुंगुडीच्या पाणथळीवर जाऊन बसला. मग रोजच. दोन वर्षांत सावरला. शांत झोपू लागला, माझी चेष्टाही करू लागला.

मला ते खुपलं. माझी झोप निवृत्तीपासून उडालेली. डॉक्टरांनी झाडांत फिरायला सांगितलं होतं. बागेत रोज दहा फेऱ्या मारत होतो, एक खाडा नाही. घाम माझा आणि गुण त्याला. त्यात माझी बायको विमला म्हणायची, "मानाजीभावजींचा चेहरा बघा कसा निवळलाय."

शेवटी त्याच्याबरोबर गेलो. पाणकणसांच्या दाटीआड एका दगडावर तो डोळे मिटून बसला. कुठली पाणकोंबडी कुठे बोलली, ते नुसत्या आवाजावरून सांगत होता. मी काय करायचं, विचारलं.

"काही नको, कृष्णकांतराव. सुम्मा बसा."

सुम्मा म्हणजे उगीच. तेच मला जमेना.

दुसऱ्या दिवशी त्याच्याआधी तासभर पोचलो, कोयता घेऊन. समोर आड येणारी कणसं बुडापासून कापली, गठ्ठे बांधून रचले, दगड समतल बसवला. चोख काम. हे आपल्याला दोन वर्षांत सुचलं नाही, असं त्याच्या तोंडून मला ऐकायचं होतं.

तो आला, बसला, डोळे मिटले. बराच वेळ एकही पक्षी बोलला नाही. मग त्याने गठ्ठ्यांकडे पाहिलं. एकात मोडलेलं घरटं अडकलं होतं. कापताना ते मला दिसलं नव्हतं.

"मेहनत उत्तम केलीत," तो म्हणाला. "चला, पलीकडे बसू."

टोमणा नव्हता. पलीकडे दगडही नव्हता. चिखलाच्या कडेला पोतं टाकून बसला. दहा मिनिटांत त्याचा चेहरा होता तसा निवळला. मी शेजारी बसून पाण्याऐवजी त्याच्याकडेच बघत होतो. त्याने चार शिव्या दिल्या असत्या, तर निदान त्या दिवशी मला झोप लागली असती.