आक्काच्या रक्तातलं तेल

त्या दिवशी सकाळी मनीषाचा फोन आला, "मावशी, आक्का गेल्या." रडायच्या आधी माझ्या तोंडून निघालं, "नीट बघितलंस का? डॉक्टर आले होते का?" काय करणार, आमचं माहेरच तसं. आम्हा बहिणींचा कुणावर झटकन विश्वास बसत नाही. आक्का, माझी थोरली बहीण, तर त्यात सगळ्यांच्या पुढे. माझ्या मरणाची खबर आली असती तर तिनंही हेच विचारलं असतं.

लग्न होऊन ती धुळ्याकडून सुरतेत आली आणि कापड मार्केटातल्या एका गोडाऊनमध्ये साड्या तपासायला लागली. डाग, तुटका धागा, फिका पडलेला रंग... दिवसभर खोट शोधायची आणि संध्याकाळी गोडादऱ्याच्या घरी येऊन तेच काम पुढे चालू. भाजीवाल्याचा काटा, दूधवाल्याचं दूध, मुलानं स्वतः पसंत केलेली सून मनीषा, सगळं उजेडात धरून बघायचं. त्यात मनीषा अमरावतीकडची. "त्यास्नाकडे भाजीवर तेल तरंगस," हे आक्काचं तिच्याबद्दलचं पहिलं मत, आणि ते तिनं बदललं नाही.

स्तनाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, किमो सुरू झाली. मधल्या तपासणीत कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, चांगलीच वाढलेली निघाली. आधी ती अगदी बेताची होती. आणि आक्का तर बिनफोडणीच्या वरणावर दिवस काढत होती! झालं, गुन्हेगार घरातच सापडली. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "ती मन्हा पानमा तेल टाकस. माले चव लागत नही ना, तिले वाटस माले समजत नही." किमोनं तिच्या जिभेची चव खरोखरच गेली होती, त्यामुळे खात्री करून घ्यायचीही सोय नव्हती. मला तिची कीव आली, आणि खरं सांगायचं तर मनीषाचा थोडा संशयही.

तेल किती उतरतं ते कळायला डब्यावर कोळशाची रेघ आली. मग मनीषाच्या हातचं जेवणच बंद. अंगात त्राण उरेना. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, खाल्लं नाही तर पुढची किमो लांबवावी लागेल. "माजी, रसोई का दोष नहीं है. कुछ लोगों में इलाज की दवाओं से भी चरबी बढ़ती है, बाद में अक्सर उतर जाती है. आप बस खाइए." आक्का बाहेर येऊन म्हणाली, "मनीषानीच शिकाडेल शे तिले."

शेवटी मी तिला सुरतेतच, डिंडोलीला माझ्याकडे आणलं. उकडलेला दुधी, मुगाचं पाणी, कोरडी भाकरी. फोडणी माझ्या घरातून हद्दपार. पुढच्या तपासणीत चरबी आणखी वाढलेली! मी हरखून म्हटलं, "बघ, सुटली तुझी सून." आक्कानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "म्हंजे तू बी तिले मियेल शे?" म्हणजे मीही सुनेला सामील! मी कपाळावर हात मारला. दोघीही लबाडच, तर निदान आपल्या घरी राहू, असं म्हणून ती गोडादऱ्याला परत गेली.

तिथं ती जेवायला लागली. कशी, ते मला कळलं नाही. किमो संपली, आणि त्याच स्वयंपाकघरात, मनीषाच्याच हातचं खाऊन, पुढच्या काही महिन्यांत चरबी उतरली. पण आजार उलटला तो मात्र उतरला नाही.

आक्काचे दिवस झाल्यावर, गेल्या आठवड्यात गोडादऱ्याला गेले होते. मनीषानं मला वाढलं, समोर बसली, आणि माझ्याच ताटातली भाकरी मोडून, भाजीला लावून आधी स्वतः खाल्ली. मी बघतच राहिले. तीही चपापली.

"चुकलं मावशी... सवय लागली. आक्का म्हणायच्या, पहिले तू खाय."

"संशयानं?"

"सुरुवातीला. नंतर चरबी उतरली, तरी मी घास घेतल्याशिवाय तोंड उघडत नव्हत्या. शेवटी तर त्यांना गिळताच येत नव्हतं, तरी ताट आणायला लावायच्या... आणि मी पूर्ण जेवते का, ते बघत पडून राहायच्या."