सोनाळ्याचं पिंप आणि आखाजीची घागर

उन्हाळ्यात विदर्भात कोण फिरायला जातं? मी. तेही व्हिस्कीसाठी. थंड देशांत सिंगल माल्ट, म्हणजे जवाची व्हिस्की, लाकडी पिंपात निवांत मुरते. आपल्या उन्हात ती घाईनं पिकते आणि लाकडातून भराभर उडूनही जाते. वऱ्हाडाच्या भट्टीत तिचं काय होतं, ते मला चाखायचं होतं. ज्यांच्या हाताखाली मी गोव्यातल्या व्हिस्कीच्या कारखान्यात चव घ्यायला शिकलो ते वसंतराव निवृत्त होताना व्हिस्कीनं भरलेलं ओकचं एक लहान पिंप रीतसर परवाना काढून आपल्या गावी, सोनाळ्याला घेऊन गेले होते. पुढे ते वारले, पिंप राहिलं. यंदा त्यांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा फोन आला, "भाऊजी, एकदा पाहून जा. पोरगा मले नागपूरले घेऊन जाऊन राह्यला."

शेगावला उतरून गरम कचोरी हाणली आणि वरवट बकालवरून जाणारी सोनाळ्याची एसटी पकडली. तिकीट शंभराच्या आत. खिडकीतली झळ फुकट. टोपी विसरलात तर तुमचं तुम्ही बघा.

वहिनींनी मला कोठीच्या खोलीत नेलं. पिंपावर ओलं गोणपाट होतं. वारा ठप्प, तरी लाकूड मधूनच टक्‌ टक्‌ करत होतं. मी बोटानं वाजवून पाहिलं, तर जवळजवळ रिकामं.

"किती काढलीत, वहिनी?"

"मी काऊन काढू? उलट दरसाली टाकते."

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. पूजा झाली की वहिनी ती घागर पिंपात ओतायच्या. नवऱ्याला तहान लागू नये म्हणून! मी कपाळावर हात मारला. माल्टचा सत्यानाश, दुसरं काय.

नळीनं घोटभर काढली. पाणचट असायला हवी होती. जिभेवर आधी गूळ आला, मग सुकं खोबरं, जायफळ, शेवटी फार उकळलेल्या चहासारखा लाकडाचा तुरटपणा. आणि कडक!

"कोरड्या हवेत आधी पाणी उडतं, दारू मागे राहते," मी समजावलं, त्यांच्यापेक्षा स्वतःलाच.

"हवा पेत असन थोडं. बाकीचं ते पेतात." त्यांनी ओसरीवरच्या वसंतरावांच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "दुपारी तिथं याचाच वास येते."

आला. फक्त खुर्चीपाशी, पाऊलभर बाजूला सरकलं की नाही. मी दोनदा सरकून पाहिलं आणि खरं सांगतो, घाबरलो.

मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं. "हे सरलं की येईन म्हणलं मी पोराले. पण मी गेली अन् हे तहानले राह्यले तं? सांगा, पिंपात हाय तेवढ्यावर हा उन्हाळा निघते का?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही निघणार," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आखाजी. वहिनींनी घागर पुजली, आमरसाचा नैवेद्य दाखवला. पाणी मात्र अंगणातल्या कडुनिंबाला घातलं. मग रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या, "मी जाऊन राह्यली नागपूरले. यायचं तं या." त्याच दुपारी पिंपाची फळी तडकली. उरलंसुरलं जमिनीनं पिऊन टाकलं. खुर्चीपाशी वास नव्हता.

उष्ण हवेतली माल्ट ऐन तारुण्यात म्हातारी होते, एवढं मी पुण्याला परत घेऊन आलो. त्या वासाचं कुणाला सांगितलं नव्हतं. मुकाट वाईट वाटत राहिलं, की माझ्या एका वाक्यानं दोघांची ताटातूट केली.

परवा वहिनींचा फोन आला. मुलाचा फ्लॅट सातव्या मजल्यावर, घरात दारूच्या थेंबाला कुणी शिवत नाही.

"भाऊजी, दुपारी सोफ्यापाशी वास येऊन राह्यला." आवाजात भीती नव्हती, लगबग होती. "ठेवते आता. माठ भरायचा हाय."