धडाचं झाकण

वहिनी गेल्या त्या सकाळी धायरीच्या आमच्या फ्लॅटमधल्या आतल्या खोलीत हजर होतो मी, माझी पत्नी सुनीता आणि श्वासाचं मशीन... मशीन त्यानंतरही चालूच होतं. आठ महिने रोज पाहूनही ते बंद कुठून करायचं हे मला पटकन सुचेना.

दादा वारल्यापासून वहिनी आमच्याकडे होत्या. नर्सिंगच्या मुलींना त्या शरीररचना शिकवायच्या. कसबा पेठेतलं बिऱ्हाड आवरून आल्या, तेव्हा सोबत दोन ट्रंका आणि प्लॅस्टिकचं एक धड होतं. फुप्फुसं, हृदय, जठर, यकृत, आतडी, सगळं त्यातून सुटं निघायचं. परीक्षा जवळ आली की मुली घरी यायच्या. वहिनी सगळे अवयव गादीवर ओतायच्या आणि म्हणायच्या, "लावा." यकृत आधी बसवलं की जठराला जागा उरत नाही आणि वरचं छाती-पोटाचं झाकण काही केल्या लागत नाही. एखादी दाबून पाहायची. "अगं, सुटकेस आहे का ती? आता वर बसतेस की काय?" मला हिशेब जुळवायची सवय, म्हणून मीही शिकलो. माझं झाकण पहिल्यांदा लागलं तेव्हा म्हणाल्या, "भाऊजी, पास. पण पेशंटला हात लावू नका."

मग एकदा दाखवता दाखवता त्यांच्या हातून मूत्रपिंड खाली पडलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा पडलं. स्नायूंना आज्ञा पोचवणाऱ्या नसा मरत जाण्याचा आजार निघाला. जेवताना त्यांनी स्वतःच आम्हाला समजावलं, "आधी हात, मग पाय, मग जीभ. शेवटी श्वासपटल, म्हणजे फुप्फुसांखालचा पडदा. हृदय चालणार, डोळे फिरणार, डोकं शाबूत. सगळं कळत पडून राहायचं." मग म्हणाल्या, "गळ्याला भोक पाडून मशीन लावायचं नाही. भाऊजी, शब्द द्या." मी दिला.

वाचा गेल्यावर बोलायला डोळे उरले. वर पाहिलं की हो, मिटले की नाही. श्वास अपुरा पडू लागला त्या दुपारी डॉक्टर म्हणाले, "आत्ताच ठरवा. एकदा लावलं की सुटणं अवघड." शब्द दिलेला होता, तरी विचारल्याशिवाय राहवेना. "वहिनी, मशीन लावायचं?" त्यांनी वर पाहिलं. मी पुन्हा विचारलं. पुन्हा वर.

त्यानंतर त्या छताकडे पाहत राहिल्या आणि आम्ही त्यांच्याकडे. दार उघडंच असायचं, पण बाहेर कुणालाच पडता येत नव्हतं. सुनीता एकदाही माहेरी गेली नाही, मी खडकवासल्यापर्यंतसुद्धा नाही. वीज गेली की आम्हा दोघांचाही श्वास अडकायचा. एकदा अक्षरांचा तक्ता समोर धरून मी बोट फिरवत विचारलं, "त्या दिवशी हो का म्हणालात?" हव्या त्या अक्षरावर बोट आलं की त्या वर पाहत. शब्द जुळला, 'घाबरले'. एवढंच. श्वास कसा चालतो हे इतक्या मुलींना शिकवलेल्या वहिनी... "पस्तावा होतो का?" त्यांनी डोळे मिटले. ते 'नाही' होतं की थकवा, हे मी विचारलं नाही. आता विचारता येत नाही.

मागच्या आठवड्यात मशीन परत गेलं. पलंग हलवताना मी कपाटावरचं धड खाली घेतलं, सगळं सुटं करून पुसलं आणि पुन्हा लावलं... आतडी, जठर, मग यकृत, त्यांच्याच क्रमाने. झाकण हातात घेतलं आणि बाजूला ठेवून दिलं. सुनीता म्हणाली, "अहो, लावा की. आत धूळ बसेल."

बसते. मी रोज पुसतो.