सुमनच्या डोक्यावरचा पिवळा डाग

सोमवारच्या कथेला आम्ही बायका जमलो की देवाची कथा वेळेत आटपते, पण प्रसाद हातात असताना उठतंय कोण? आमच्या कासार आंबोलीत अशा बसण्यातून किस्से इतके साचलेत, की एक काढला की दुसरा आपणच पुढे सरकतो. आणि त्यातले निम्मे माझ्या सुमनच्या डोक्यावरचे!

सुमन जन्मली तीच कानाच्या वर चिंचोक्याएवढा पिवळसर, गुळगुळीत डाग घेऊन. त्यावर एक केस नाही. बारशाला आलेली प्रत्येक बाई म्हणे, "अगं, हळद राहिलीया हितं!" आणि पदराने पुसायला लागे. पोर रडून लालबुंद झाली, डाग तेवढा पिवळाच! शेवटी सासूबाई पाळण्याला टेकून बसल्या आणि वाकेल तिला सांगू लागल्या, "देवानंच लावून धाडलीया. पुसू नगा!"

*

मग जावळ. सुमन मामाच्या मांडीवर, रामा न्हावी वस्तरा घेऊन तयार. टोपडं काढलं मात्र, रामा दोन पावलं मागे!

"आधीच सांगतो वयनी, हितलं केस म्या काढल्यालं न्हाईत!"

*

सगळे हसले. माझ्या मनातून मात्र ते जाईना. शेजारच्या गंगूबाईंनी विचारलंच होतं, "गरवार असताना गिराणात काय चिरलंबिरलंस का गं?" मी तर ग्रहणभर माळ ओढत बसले होते! तरी वाटायचं, आपलंच काही चुकलं असेल का? उद्या पोरीला कोणी नावं ठेवली तर?

देवीला नवस बोलले. डोळ्यांसाठी चांदीचे डोळे वाहतात, पायासाठी पाय, तसंच काही करावं म्हणून पौडला सोनाराकडे गेले. तो बिचारा डोकं खाजवत म्हणाला,

"ताई, डोळे करतो, पाय करतो. पण नसलेले केस चांदीत कसे करू?"

मग फुलांची वेणी वाहायचं ठरलं.

*

सुमन चार वर्षांची झाली तेव्हा गंगूबाईंनी निकाल दिला. "चाई हाय ही. बिबा लाव, झुपका येतोय बघ!" बिबा आणलासुद्धा. पण पोर मांडीवर गाढ झोपलेली, आणि बिब्याने माझ्याच बोटाला कसा फोड आला होता ते मला आठवलं. हात पुढे होईना. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना घेऊन पौडच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी डागावरून बोट फिरवलं. "जन्मापासून आहे? इथे केस कधीच नव्हते? खाजत नाही, पसरत नाही?"

"नाही."

"मग ही चाई नव्हे, नायटाही नव्हे. कातडीतल्या तेलाच्या ग्रंथींचा जन्मडाग आहे. कोणाला लागत नाही आणि ग्रहणाने होत नाही." मी ग्रहणाचं विचारलंही नव्हतं! "वयात येताना तो जाड, खडबडीत होईल, तेव्हा घाबरू नका. गाठ आली किंवा रक्त आलं तर मात्र लगेच या. कापून काढता येतो. तोवर काही लावायचं नाही."

सासूबाईंनी मन लावून ऐकलं. "बरं डाक्टर. ते काय न्हाई लावायचं, ते जेवायच्या आदी का नंतर?"

*

डॉक्टर म्हणाले तसंच झालं. सुमन तेरा-चौदाची झाली आणि डाग मोसंबीच्या सालीसारखा खरबरीत झाला. मग एक दिवस वेणी घालताना फणीला रक्त! बघते तर वाटाण्याएवढी गाठ. तशीच तिला घेऊन पौडला धावले. डॉक्टरांनी पुण्याला ऑपरेशनला पाठवलं. काढलेली गाठ तिथे तपासली आणि ती साधी निघाली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळ्या मनाने ऐकाल.

*

ऑपरेशनच्या दिवशी नर्स वस्तरा घेऊन आली. "डागाभोवतीचे चार बोटं केस काढायचे, बास."

कंबरेपर्यंत केस माझ्या लेकीचे! तिने वेणी दोन्ही हातांनी छातीशी धरली. "न्हाई काढायचे! पोरी हसतील. मी एकटीच अशी दिसणार!" नर्सने समजावलं, ह्यांनी दटावलं. वेणी काही सुटेना. डॉक्टर आत थांबलेले.

मी डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि तिच्या शेजारी बसले. "सिस्टर, आधी माझे काढा."

"अहो बाई, तुम्हाला काय झालंय?"

"काही नाही. सवाष्ण आहे, भांगातलं कुंकू तेवढं सांभाळा. कानावरचे काढा."

नर्सने ह्यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर बघायला लागले! वस्तरा फिरला, माझे केस मांडीवर पडले. सुमन बघतच राहिली, मग फिस्सकन हसली आणि वेणी सोडून नर्सला म्हणाली, "आता माझे. पण आईएवढेच हां!"

टाके निघाल्यावर एस.टी.ने घरी आलो. सासूबाई भाकर तुकडा घेऊन उंबऱ्यात उभ्याच होत्या. नातीवरून ओवाळून त्यांनी तो लांब टाकला. मी पाया पडायला वाकले आणि पदर घसरला.

सासूबाई माझ्या डोक्याकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या, भाकरीचा दुसरा तुकडा आणला, माझ्यावरून ओवाळला आणि ह्यांना म्हणाल्या,

"का रं, आपरेशन एकीचंच ठरलं हुतं न्हवं?"