खोगिराच्या नमद्याची वहाण

बेंबळीच्या आमच्या चुलत सासूबाई गौराबाई श्रीशैलाला पायी गेल्या, तेव्हा त्यांची उजवी टाच धरून वर्ष उलटून गेलं होतं. साल बेचाळीस की त्रेचाळीस, त्यांना नक्की सांगता यायचं नाही. निजामाचं राज्य होतं आणि लढाईमुळं रॉकेल मिळत नव्हतं, एवढीच खूण. ही हकीकत मी त्यांच्याकडून आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या नणंदेकडून, सिद्धम्मांकडून, मिळून ऐकली. दोघी एकमेकींना अडवत, दुरुस्त करत सांगायच्या, आणि माझ्या मांडीवरचं सूप तसंच राहायचं.

टाच धरणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच माहीत. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की खालून कुणी खिळा ठोकावा तशी कळ यायची. गौराबाई भिंत धरून उभ्या राहायच्या. अंगण झाडून होईतो कळ मागं सरायची, आणि न्याहारीला बसून उठल्या की पुन्हा हजर. घरादाराचं मत एकच: आत काटा मोडलाय. त्यांच्या सासूबाई नागम्मांनी सुईनं टाच कोरून पाहिली. काटा काही निघाला नाही. मग बिब्ब्याचा चटका झाला, तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेक झाला. टाच काळी पडली, कळ जागची हलली नाही.

त्यात सुनांनी पायात काही घालायची रीत नव्हती. रानातल्या कामाला वहाणा असायच्या, पण त्या वेशीबाहेरच. वेशीशी आलं की काढून ओच्यात घ्यायच्या आणि चावडीवरून अनवाणी जायचं. सासऱ्यापुढं, दिरांपुढं पायात वहाण दिसली असती तर गावानं वर्षभर तेच चघळलं असतं. म्हणजे दिवसाचा बहुतेक वेळ ती दुखरी टाच शहाबादी फरशीवर.

आणि नेमकं त्याच वर्षी गौराबाईंना मोकळीक मिळाली होती. त्यांची थोरली सून घरात रुळली होती, नागम्मांचे हातपाय अजून चालत होते. लग्नापासून माहेर आणि तुळजापूर यापलीकडं तिसरं गाव त्यांनी पाहिलं नव्हतं. आमच्या लिंगायत घरांतून पाडव्याच्या आधी माणसं श्रीशैलाला मल्लय्याच्या दर्शनाला पायी निघतात. त्या लहान असल्यापासून ऐकत आल्या होत्या की तिकडं डोंगरच्या डोंगर झाडांनी झाकलेत, ऊन खाली पोचत नाही. आपल्याकडं एका बाभळीच्या सावलीला चार माणसं भांडतात. ते रान एकदा बघायचंच, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. पुढच्या साली नागम्मा अंथरुणाला लागल्या तर पुन्हा जाणं नाही, हेही त्यांना दिसत होतं.

नागम्मा म्हणाल्या, "आधी वेशीपतोर जाऊन ये. तिथं पोचलीस तर मल्लय्याचं बघू."

"पोचते की, आत्या."

"व्हय, पोचशील. मागारी आणायला मातर गाडी जुंपावी लागंल."

गौराबाईंनी वाद घातला नाही. त्या टाचेवर नजर ठेवू लागल्या, जशी एखादी दुधावर ठेवते. नांगरलेल्या रानात कळ कमी, फरशीवर जास्त. आणि एक दिवस विहिरीवर त्यांना वेगळंच काही सापडलं. मोट ओढताना बैल ज्या उतारावरून खाली जातात त्या धावेवर त्या उताराकडं तोंड करून उभ्या होत्या, आणि टाच एकदम गप्प झाली. वळून चढाकडं तोंड केलं, तर पोटरीपासून ताण. पुन्हा वळल्या, पुन्हा गप्प. मोट हाकणारा दीर ओरडला, "वैनी, गिरक्या काय घ्यायलाव? चक्कर आली काय?"

टाच उंच राहिली की बरं वाटतं, एवढं कळलं. पुढं भिंती सारवायला पांढरी माती कालवताना त्यांचं पाऊल चिखलात उमटलं. टाचेचा खड्डा खोल, चवड्याचा खोल, आणि मधे माती जशीच्या तशी, बोटभर उंच. म्हणजे सगळा भार दोन टोकांवर आणि मधलं पाऊल अधांतरी. तो ठसा उन्हात वाळू दिला, पदराखाली झाकला आणि वेशीबाहेर बब्रुवानच्या दुकानी नेला. बब्रुवान गावाच्या वहाणा करायचा.

"ह्यात बसंल आशी वहाण पायजे. टाच उंच, फुडा पातळ, मधी भरीव. आन मागनं पट्टा, टाच हलली न्हाय पायजे."

बब्रुवाननं ठसा उलटसुलट फिरवला. "आक्का, म्या वहाण करायलाव का मडमेचा बूट?"

"वहाणच. खर्र वाजली न्हाय पायजे, एवढं बघ."

पहिली जोडी झाली ती चामड्यावर चामडं ठोकून. टाच उंच झाली खरी, पण विटेवर उभं राहिल्यासारखी. दुसऱ्यात कापूस भरला. सकाळी गादी, संध्याकाळी पापड. बब्रुवान म्हणाला, "आता पीस भरू काय कोंबडीचं?" गौराबाईंनाही हसू आलं, पण घरी येताना त्या रडवेल्या झाल्या होत्या. पाडवा जवळ येत होता.

त्यांचे यजमान रेवणसिद्धप्पा आठवडी बाजारांना कापडाचे गठ्ठे घेऊन जायचे, टट्टूवर लादून. त्या संध्याकाळी ते गठ्ठे उतरवत होते. गौराबाईंनी खोगिराखालचा नमदा हातात घेतला. लोकर दाबून केलेला जाड थर. किती वर्षं टट्टूच्या पाठीवर ओझं सोसत होता, आणि अंगठ्यानं दाबला तर अजून दबून वर येत होता. टट्टूची पाठ कुठं सोलवटली नव्हती.

"ह्यातला एक तुकडा कापू का?" त्यांनी विचारलं.

रेवणसिद्धप्पांनी आधी बायकोकडं पाहिलं, मग पायाकडं, मग टट्टूकडं. "त्याला इचार," म्हणाले आणि आत गेले. नकार द्यायचा असता तर ते थांबले असते, हे गौराबाईंना माहीत होतं.

तिसरी जोडी अशी झाली: टाचेखाली नमद्याचे थर, मधल्या खळग्यात तिरपा कापलेला तुकडा, वरून शेळीचं मऊ कातडं. एरंडेल चोळून चोळून त्यांनी ती नरम केली आणि पहाटे खळ्याभोवती फिरून पायात रुळवली, कारण कोरी वहाण घालून लांबच्या वाटेला निघणं म्हणजे फोडांना आवतण. घरातली माणसं जागी व्हायच्या आत उठायच्या आणि पहिलं पाऊल त्यातच. कळ गेली नाही. पण खिळ्याचा ठोका होता तो बोथट झाला, आणि बोथट दुखण्याबरोबर चालता येतं, असं त्या म्हणायच्या.

नागम्मांना वेशीपर्यंत चालून दाखवलं, आणि निघायच्या दिवशी वेशीतून त्या वहाणा ओच्यात घेऊनच निघाल्या. पुढच्या ओढ्यापाशी घातल्या. मेळ्याचे म्होरके महांतय्या स्वामी होते, उंच, अबोल. बाकी सगळे अनवाणी. बायकांनी टोमणे मारायचे ते मारले: "सरदारीणबाई, घोडा कुठं सोडला?" सिद्धम्मा म्हणायच्या, "घोडा पायात हाय. वास येईना का?" आणि वास खरंच येत होता.

नळदुर्ग, आळंद, गुलबर्गा, रायचूर. वाटेवरच्या गावांतून माणसं कडत पाणी आणि तेल घेऊन बसलेली असायची, येणाऱ्याचे पाय चोळायला. रायचूरच्या पुढं तुंगभद्रेच्या काठी निजामाचा मुलूख संपायचा. तिथं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. चांदी बाहेर जाऊ नये म्हणून झडती व्हायची. नाक्यावरच्या शिपायाची नजर त्या जाड टाचेवर गेली.

"अम्मा, ये एडी में क्या भरे तुम?"

"नमदा," गौराबाई म्हणाल्या.

"नमदा कौन भरता चप्पल में? निकालो." त्यानं दाभण घेतलं. वहाण चिरली तर तिथंच सगळं संपलं, हे ओळखून सिद्धम्मांनी वहाण उचलून सरळ त्याच्या नाकापाशी नेली. "सुंगो साहेब, सुंगो."

शिपाई मागं सरकला. "तौबा! घोडा है इसमें!" सगळा नाका हसला. दाभण परत गेलं.

खरी अडचण पुढं, जिथं जंगल सुरू होतं त्या गावी आली. महांतय्यांनी हात वर करून मेळा थांबवला. "इथनं फुडं मल्लय्याचं अंगण. ज्याच्या पायात काय आसंल त्यानं हितं झाडाखाली ठिवायचं." बोलताना त्यांनी कुणाकडं पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती.

गौराबाईंनी पुढची वाट पाहिली. वाट कसली, फुटलेल्या दगडांचा चढ. ह्यावर अनवाणी त्या पहिला डोंगरसुद्धा चढल्या नसत्या. जे दमून बसतील त्यांनी याच गावात थांबायचं आणि मेळा परतला की त्यांच्याबरोबर घरी जायचं, असा शिरस्ता होता. झाडी समोर दिसत होती. एवढं चालून येऊन तिच्या दारातून मागं.

शेजारीच एक अक्कलकोटकडचा गडी पाणी पीत होता, शिवलिंगप्पा. तो मरगालावर चालत आला होता. मरगाल म्हणजे माणसाच्या कमरेएवढ्या उंच काठ्या. त्यांच्या खुंट्यांवर पाय बांधून चालायचं. तसा नवस आमच्या लोकांत काही जण बोलतात. तो झाडाला टेकून उभ्यानंच पीत होता.

गौराबाई महांतय्यांसमोर गेल्या, पदर सारखा केला. "स्वामी, ह्यांनी लाकडं हितंच सोडायची?"

"त्येचं नवसाचं हाय, बाई. त्यो मल्लय्याच्या दारातच सुटणार."

"नवस आसला की चालतंय?"

"चालतंय."

"मग म्याबी बोलते." त्यांनी तिथंच, धुळीत, गळ्यातलं इष्टलिंग हातात धरलं. "मल्लय्याच्या दारापतोर ही वहाण पायातनं काढायची न्हाय. निजताना न्हाय, पाण्यात न्हाय."

मग शिवलिंगप्पा वरूनच हसायला लागला, इतका की त्याला झाड धरावं लागलं. "आक्का, माझं लाकूड बरं! तुमचं लई अवघड हाय."

महांतय्या हसले नाहीत. त्यांनी विभूती काढली आणि गौराबाईंच्या कपाळाला लावली. "बोललाव तर पाळा," एवढंच म्हणाले.

मी हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाई किती हुशार. पण हुशारी तिथं संपली होती. पहिल्याच दिवशी ओढा लागला. बाकीच्यांनी लुगडी खोचून पार केला. गौराबाईंचा नमदा पाणी प्याला आणि पाय दगडाएवढे जड झाले. काढून पिळता येईना. रात्री आगटीकडं पाय करून त्या निजल्या, वहाणांतून वाफ निघत होती, आणि सिद्धम्मा जागून पाहत होत्या की कातडं पेट तर घेत नाही ना. पट्ट्यानं टाचेमागं जखम केली. सिद्धम्मांनी पदर फाडून पट्ट्याखाली चिंधी सारली. भिजलेली लोकर, घाम, जखम. दरीत उतरताना दगडांच्या पायऱ्या इतक्या सरळ होत्या की माणसं बसून सरकत होती. गौराबाई तोंड उताराकडं करून, उभ्यानं, एक एक पायरी उतरल्या. समोरचा चढ पाहून तिथं दोन धडधाकट गडी बसले ते उठायला तयार होईनात. ह्या त्यांच्याजवळून पुढं गेल्या. थांबल्या नाहीत, बोलल्याही नाहीत.

"वैनीचं तोंड बघवत नव्हतं," सिद्धम्मा सांगायच्या. "म्या म्हणलं, वैनी, मल्लय्या माफ करंल, काढा. तर म्हणती कशी, मल्लय्या करंल गं, माझा पाय न्हाय करायचा."

मला आजही कळत नाही की ते बळ कुठून आलं. नवस तर वहाण पायात राहावी म्हणून बोललेला, आणि आता तीच वहाण काढायची मुभा नाही. तरी त्यांनी तो अक्षर न अक्षर पाळला. कुणी बघत नसतानाही, काळोखात पांघरुणाखालीसुद्धा.

डोंगराच्या माथ्यावर दगडी कमान आहे, मल्लय्याचं पहिलं दार. तिथं शिवलिंगप्पाचे पाय सोडले आणि गौराबाईंच्या वहाणा सिद्धम्मांनी सोडल्या. पाय आतून पांढरे, सुरकुतलेले, लेकरू पाण्यात खेळून आल्यासारखे. महांतय्यांनी वाकून ते पाहिले आणि आपल्या तांब्यातलं पाणी त्यांच्यावर ओतलं.

दर्शन झालं. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या वहाणा पुन्हा पायात घालून त्या देवळामागून पाताळगंगेच्या वाटेला गेल्या. वळण आलं आणि एकदम जमीन संपली. खाली, खूप खाली, दोन्हीकडच्या डोंगरांच्या मधून कृष्णा चालली होती, हिरवी, आवाज न करता. डोंगरांवर झाड नाही अशी टीचभर जागा नव्हती. घारी त्यांच्या पायांखाली फिरत होत्या.

गौराबाई कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या. मग वळून नणंदेला विचारलं, आवाज अगदी हळू,

"सिद्धा, आपण तिकडं भाकरी थापत बसलो होतो, तवाबी हे सगळं हितंच होतं व्हय गं?"